सहा जणांच्या सॉफ्टवेअर टीमसाठी साधने आणि कामाची शिस्त : सल्ला हवा आहे

गिरणाकाठ, जळगाव

सर्वांना नमस्कार. आम्ही सहा जण जळगावात कापूस व्यापारी आणि जिनिंग मिल यांच्यासाठी सॉफ्टवेअर तयार करतो. काट्याची पावती, शेतकऱ्याचे पेमेंट, गाठींची नोंद आणि रुईच्या विक्रीचे बिल हे सगळे त्यात येते. चौघे ऑफिसात बसतात, एक सहकारी धुळ्याहून आणि एक पुण्याहून काम करतो. कोड एका सामाईक फोल्डरमध्ये असतो आणि बदल झाला की झिप फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर येते. त्या फोल्डरात आज ‘फायनल’, ‘फायनल नवे’ आणि ‘फायनल नवे खरे’ अशा तीन प्रती आहेत.

गेल्या हंगामात जे घडले ते सविस्तर सांगतो, म्हणजे अडचण नेमकी कोणती ते कळेल. रुईचा भाव खंडीवर ठरतो आणि बाजारात खंडी 356 किलोची धरतात. आमच्या कोडमध्ये 356 हा आकडा नुसताच लिहिलेला होता, शेजारी एका शब्दाचाही खुलासा नव्हता. नव्याने आलेल्या सहकाऱ्याने नेटवर पाहिले की खंडी म्हणजे 784 पौंड, म्हणजेच 355.62 किलो, आणि चूक दुरुस्त करतो आहोत अशा समजुतीने त्याने आकडा बदलला. हेतू चांगला होता आणि गणितही बरोबर होते. परंतु 170 किलोच्या 100 गाठी 55,000 रुपये खंडीने विकल्या, तर या एका बदलाने बिल सुमारे 2,800 रुपयांनी वाढते. आठ दिवसांनी एका व्यापाऱ्याने ते पकडले. हा बदल कोणी, कधी आणि का केला हे शोधण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या.

दसऱ्याच्या आत आणखी तीन माणसे घ्यावीत असा मालकांचा विचार आहे. त्याआधी घडी बसवायची आहे. कोड कुठे ठेवावा, काम कसे वाटावे, एकमेकांचे काम कसे तपासावे, आणि यातले काय विकत घेणे खरोखर गरजेचे आहे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ, धुळे

दादा, पहिले पाऊल गिट, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन, त्याबद्दल दुमत नसावे. लिनक्स या संगणक प्रणालीच्या कामासाठी वापरले जाणारे बिटकीपर हे असेच साधन मोफत मिळणे बंद झाले, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये गिट लिहायला घेतले. जगभर विखुरलेल्या माणसांनी एकाच कोडवर काम करावे हीच त्यामागची गरज होती. प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहास असतो, त्यामुळे वीज गेली, नेट गेले, तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करता येते आणि नेट आल्यावर ते वर पाठवता येते. आपल्याकडच्या मे महिन्यात ही सोय किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको. शिवाय गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची आज्ञा आहे, जी फाईलमधील प्रत्येक ओळ शेवटी कोणी आणि कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवते. तुमच्या दोन संध्याकाळी त्यामुळे वाचल्या असत्या.

कोड कुठे ठेवावा याचा निर्णय मात्र नीट बघून घ्यावा, कारण तुमची संख्या अडचणीची आहे. गिटलॅब आणि गिटहब या गिटमधला कोड नेटवर ठेवण्याच्या सेवा. गिटलॅबच्या मोफत योजनेत खासगी ग्रुपला पाच जणांची मर्यादा आहे आणि तुम्ही सहा आहात. गिटहबवर 2020 पासून खासगी रिपॉझिटरीत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याची जागा) कितीही माणसे मोफत घेता येतात, परंतु मुख्य ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) कोणीही थेट कोड ढकलू नये यासाठीचे कुलूप खासगी रिपॉझिटरीला मोफत योजनेत लागत नाही. त्यासाठी माणशी महिना चार डॉलरची टीम योजना घ्यावी लागते. माझे मत विचाराल तर हा खर्च करावा, कारण घाईच्या दिवशी नुसता तोंडी नियम कोणी पाळत नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. रिपॉझिटरी कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर उघडू नका. मी पूर्वी जिथे होतो तिथे सगळा कोड एका मुलाच्या खात्यावर होता. तो नोकरी सोडून गेला आणि परवानगी मिळवण्यासाठी आम्हाला महिनाभर त्याच्या मागे फिरावे लागले. संस्थेच्या नावाने ऑर्गनायझेशन, म्हणजे सामाईक खाते, उघडावी आणि त्यात किमान दोघांना मालकीहक्क द्यावा.

तापीतीर, भुसावळ

मी पुण्याच्या एका कंपनीचे काम गेली सहा वर्षे घरून करते. वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण 356 च्या प्रकरणात नुसत्या गिटने अर्धेच काम झाले असते. बदल कोणी केला ते कळले असते, का केला ते नाही. कमिटच्या संदेशात ‘बदल केले’ किंवा ‘बग दुरुस्त’ एवढेच लिहिण्याची सवय आपल्याकडे फार आहे. बदलामागचे कारण संदेशात असलेच पाहिजे असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा, आणि कारण नसेल तर तो बदल मर्ज करू, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळू, नये.

दुसरा मुद्दा तपासणीचा. प्रत्येक बदल स्वतंत्र ब्रँचवर करून पुल रिक्वेस्टने, म्हणजे तो तपासून मिसळण्याच्या विनंतीने, यावा आणि दुसऱ्या एका माणसाने तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. बदल लहान असावा. पन्नास-शंभर ओळी माणूस मन लावून वाचतो. हजार ओळी समोर आल्या की नजर फिरवून ‘ठीक आहे’ म्हणतो, हे मी स्वतःच्या बाबतीतही पाहिले आहे. तसेच हिशेबाच्या प्रत्येक महत्त्वाच्या सूत्राला एक चाचणी लिहा. 100 गाठी, गाठ 170 किलोची, भाव 55,000 असेल तर रक्कम 26,26,404 रुपये आलीच पाहिजे, अशी एकच चाचणी असती आणि ती प्रत्येक पुल रिक्वेस्टवर आपोआप चालत असती, तर तो बदल दारातच अडला असता. गिटहबवर ही सोय ‘अ‍ॅक्शन्स’ नावाने आहे आणि खासगी कोडसाठी महिन्याला 2,000 मिनिटे मोफत योजनेतही मिळतात.

आता भाषेविषयी. आमच्याकडे नवी मुले तपासणीत इंग्रजीत शेरे लिहीत असत आणि इंग्रजी हाताशी कमी असल्याने ते शेरे हुकूम सोडल्यासारखे कोरडे होत. ‘हे चूक आहे, बदला’ एवढेच वाचून समोरचा दिवसभर अस्वस्थ राहायचा. मी माझ्या टीममध्ये मराठीतून लिहायला सांगितले. ‘इथे शून्य गाठी आल्या तर भागाकार अडेल असे मला वाटते, तुम्ही तपासून पाहाल का’ असे वाक्य मराठीत सहज येते. गिटला देवनागरी संदेशांचे काहीच वावडे नाही. फाईलची नावे मात्र रोमन लिपीत ठेवा, कारण देवनागरी नावे टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) आकड्यांच्या रूपात दिसतात आणि प्रत्येकाच्या संगणकावर ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग बदलत बसावे लागते.

गिरणाकाठ, जळगाव

दोघांचेही मनापासून आभार. ताई, चाचणीचे उदाहरण तर आम्ही जसेच्या तसे उचलणार आहोत. आणखी दोन शंका आहेत. सगळ्यांचे काम मीच तपासले तर सगळे माझ्यापाशी येऊन तुंबेल, कारण व्यापाऱ्यांचे फोनही मीच घेतो. आणि निर्णय होतात ते फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, मग पंधरा दिवसांनी ‘आपले काय ठरले होते’ यावरच चर्चा होते.

सातपुड्याचा पायथा, यावल

पहिल्या शंकेचे उत्तर असे की तपासणी वरिष्ठाचा अधिकार मानू नये. नव्या मुलानेही जुन्याचा कोड तपासावा. त्याला चूक सापडली नाही तरी चालेल, त्याने प्रश्न विचारावेत. ‘हे 356 म्हणजे काय’ हा प्रश्न नव्या माणसालाच पडतो, जुन्याला तो आकडा पाठ असतो. जोड्या आठवड्याला बदलत्या ठेवल्या की कोडचा कोणताही भाग एकाच्याच डोक्यात अडकून राहत नाही.

दुसऱ्या शंकेबाबत, नवी माणसे घेण्याआधी एक हिशेब करून पाहावा. सहा माणसांत आपसांत बोलण्याच्या 15 जोड्या होतात, नऊ माणसांत 36. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच मांडले, आणि त्यांच्या कारणांपैकी एक हेच आहे. म्हणून फोनवर जरूर बोला, अहिराणीत बोला, पण जे ठरले ते फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत संबंधित कामाच्या नोंदीखाली लिहा. जिथे कोड आहे तिथेच ‘इश्यू’ची, म्हणजे कामांच्या नोंदींची, सोय असते आणि तुमच्या आकाराच्या टीमला ती पुरते. जिरा हे कामांच्या नोंदींचे वेगळे साधन दहा जणांपर्यंत मोफत आहे, तरी ते भरत बसण्यात जाणारा वेळ पाहता मी ते आत्ता सुचवणार नाही.

गप्पांसाठी स्लॅक घ्याल तर मोफत योजनेत मागील 90 दिवसांचेच संदेश दिसतात हे लक्षात ठेवा. पुढच्या दसऱ्याला मागच्या हंगामाचा निर्णय शोधू पाहाल तर तो दिसणार नाही. झुलिप या गप्पांच्या दुसऱ्या साधनात संवादाला विषयाचे नाव देण्याची पद्धत आहे, ती शिस्त मला फार आवडते.

कोडच्या जागेबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. गिटहबसारखे काम स्वतःच्या मशीनवर करणारे गिटी हे मुक्त सॉफ्टवेअर अगदी लहान संगणकावरही चालते, त्यात माणसांची मर्यादा नाही आणि मुख्य ब्रँचचे कुलूपही मिळते. ऑफिसातल्या एखाद्या जुन्या मशीनवर ते बसवले तर खर्च जवळजवळ शून्य येतो.

पांझराकाठ, धुळे

गिटी उत्तम आहे, परंतु ऑफिसातल्या मशीनवर ठेवण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. जळगावात वीज गेली की धुळ्याच्या आणि पुण्याच्या माणसाचे काम अडेल, आणि त्या मशीनची हार्ड डिस्क गेली तर इश्यू आणि तपासणीतील चर्चा सगळी जाईल. गिटमुळे कोडच्या प्रती प्रत्येकाकडे असतात, चर्चेच्या नसतात. बॅकअप घेऊ म्हणणे सोपे असते. 31 जानेवारी 2017 रोजी खुद्द गिटलॅबमध्ये एका अभियंत्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला गेला आणि बॅकअपच्या पाच पद्धती ठरलेल्या असून एकही धडपणे उपयोगी पडली नाही. सुदैवाने सहा तास आधीची एक प्रत हाती होती. त्यांनी दुरुस्तीचे काम लोकांसमोर थेट दाखवले आणि काय चुकले ते सविस्तर लिहून प्रसिद्ध केले, कोणाच्याही माथी दोष न मारता. 356 चा आकडा ज्याने बदलला त्या सहकाऱ्याशी तुम्ही असेच वागला असाल अशी आशा आहे. दोष लागला की पुढच्या वेळी माणूस चूक लपवतो.

सातपुड्याचा पायथा, यावल

विजेचा मुद्दा मान्य आहे. गिटी ठेवायचेच असेल तर भाड्याच्या सर्व्हरवर ठेवावे आणि महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष उघडून पाहावा. ते करायला माणूस नसेल तर गिटहबच बरे.

तापीतीर, भुसावळ

एक राहिलेच. जुना फोल्डर गिटमध्ये टाकण्याआधी त्यात डेटाबेसचे पासवर्ड किंवा बँकेच्या व्यवहाराच्या चाव्या लिहिलेल्या नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहा. एकदा कमिट झालेला पासवर्ड पुढच्या कमिटमध्ये पुसला तरी इतिहासात राहतो. चुकून गेलाच तर तो लगेच बदलावा लागतो.

गिरणाकाठ, जळगाव

काल सगळे एकत्र बसलो होतो. मालकांना 100 गाठींमागच्या 2,800 रुपयांचा हिशेब दाखवला आणि सहा जणांचे महिन्याचे 24 डॉलर त्यांनी तिथेच मंजूर केले. ऑर्गनायझेशन कंपनीच्या नावाने उघडली आहे, मालकीहक्क माझ्याकडे आणि धुळ्याच्या सहकाऱ्याकडे आहेत. कोडमध्ये दोन ठिकाणी पासवर्ड सापडले, ते काढले आणि बदललेही. तीन माणसे एकदम न घेता आधी एकच घ्यायचे ठरले. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप निरोपांपुरता राहील, झिप फाईल तिथे येणार नाही.

पहिली पुल रिक्वेस्ट 356 चा आकडा बदललेल्या सहकाऱ्यानेच केली. मी त्याला काहीही सुचवले नव्हते. त्याचा संदेश इथे देतो : ‘खंडीच्या वजनाला नाव दिले आणि बिलाची चाचणी जोडली. 784 पौंडांचे नेमके रूपांतर 355.62 किलो येते, परंतु बाजारात रुईचा सौदा 356 किलोच्या खंडीवर होतो, म्हणून बिलातही 356 च ठेवावे. बदलायचे झाल्यास आधी व्यापाऱ्यांना विचारावे.’ पुण्याच्या सहकाऱ्याने ती तपासली, एक प्रश्न विचारला, आणि सव्वाअकराला ती मर्ज झाली.