भूसुरुंगबंदी नेमकी कुणी घडवली? सरकारांनी की लोकांनी?

पायवाट (धागाकर्ता)
जागतिक राजकारण म्हटलं की आपण देशांचीच नावं घेतो. मला ते अपुरं वाटतं. १९९२ मध्ये सहा स्वयंसेवी संस्थांनी माणसांवर वापरल्या जाणाऱ्या भूसुरुंगांविरुद्ध मोहीम उघडली. ना सैन्य, ना कुठल्या परिषदेत मत. पण कंबोडियात पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय बसवणारे लोक त्यांच्यात होते. सेनाधिकाऱ्यांपुढे ते डोळ्यांनी पाहिलेलं सांगत. डिसेंबर १९९७ मध्ये कॅनडातल्या ओटावात १२२ देशांनी बंदीच्या करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी मोहिमेला आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना शांततेचं नोबेल मिळालं. राज्येतर घटक, म्हणजे सरकार नसलेल्या संस्था आणि गट, हे निव्वळ प्रेक्षक, हे मग कसं मानायचं?

उत्तरायण
सहमत नाही. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड ॲक्सवर्दी यांनी १९९६ मध्ये वर्षभराची मुदत घालून सगळ्यांना सहीला बोलावलं, तेव्हा गाडी हलली. बोलावणारा मंत्री, सही करणारी सरकारं. आणि अमेरिका, रशिया, चीन, भारत आजही बाहेरच आहेत. ज्यांना सुरुंग खरोखर हवे होते, त्यांना कुणी रोखलं?

पायवाट
ॲक्सवर्दींचं श्रेय मान्य. पण हा विषय त्यांच्या टेबलावर आणला कुणी? निःशस्त्रीकरणाच्या नेहमीच्या बैठकांत तो सर्वसंमतीच्या अटीपायी अडकला होता. बैठकीबाहेरचे लोक नसते तर तिथेच राहिला असता.

गलबत
तुम्ही दोघं फक्त सज्जन संस्थांबद्दल बोलताय. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' जहाज ताब्यात घेतलं. पुढे हल्ले वाढले आणि मोठ्या जहाज कंपन्या सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. एका सशस्त्र गटाने व्यापाराचा मार्ग बदलला, तोही कुठलाही करार न करता. याला प्रभाव म्हणायचं नाही तर काय?

उत्तरायण
गलबत, हूथींमागे इराणची शस्त्रं आहेत, शिवाय येमेनची राजधानी सना २०१४ पासून त्यांच्याच ताब्यात आहे. हा गट अर्धा सरकारच झालाय. स्विफ्टचं घ्या. बँकांची संदेशयंत्रणा, सहकारी संस्था, मुख्यालय बेल्जियममध्ये. २०२२ मध्ये युरोपीय संघाने नियम केला आणि तिला काही रशियन बँका तोडाव्या लागल्या. कायदा ज्याच्या हातात, शेवटचा शब्द त्याचा. तुमच्या ओटावा कराराचंही तेच झालं. २०२५ मध्ये लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी बाहेर पडायचं ठरवलं. शेजारी रशिया युद्ध करत असताना त्यांना मोहिमेची भीड वाटली नाही.

पायवाट
ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं, आणि त्या देशांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण बाहेर पडण्याची रीत बघा. करारानुसार कारणं सविस्तर लिहून द्यावी लागतात आणि सहा महिने थांबावं लागतं. १९९७ पूर्वी सुरुंग पेरणाऱ्या सरकारला असं कुणालाच काही लिहून द्यावं लागत नव्हतं. हे बंधन सरकारांना आपणहून सुचलेलं नाही.

उत्तरायण
बंधन आहे, मानलं. पण सहा महिन्यांनी सुरुंग पेरायची मोकळीक मिळतेच ना? शेतात पाय ठेवणाऱ्या माणसाला त्या कागदाचा काय उपयोग, एवढं सांगा.

पायवाट
दीडशेहून अधिक देश अजून करारात आहेत. साठे नष्ट करणं आणि जमीन साफ करणं त्यांना बंधनकारक आहे. साफ झालेल्या शेतात पाय ठेवणाऱ्याला उपयोग आहे. बाकीच्यांना नाही, आणि तिथे तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही.