कॅलिब्रेशनच्या नोकरीत शिकायला आणि माणसे जोडायला कितपत वाव असतो?

प्रश्न – खानापूरकर

इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा झाल्यावर मला बेळगावच्या उद्यमबागेतील एका कॅलिब्रेशन (मोजमापाची उपकरणे प्रमाणित उपकरणांशी ताडून पाहण्याच्या) प्रयोगशाळेत नोकरी मिळत आहे. निम्मे काम प्रयोगशाळेत आणि निम्मे ग्राहकांच्या कारखान्यांत असेल. ‘वाचन घ्यायचे, स्टिकर लावायचे, यात शिकणार काय?’ असे घरचे विचारतात. शिवाय माझे कन्नड बाजारापुरतेच आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – गेजवाला, बेळगाव

नुसते स्टिकर लावून परतणारेही आहेत, त्यामुळे घरच्यांची शंका अगदीच निराधार नाही. मात्र प्रत्येक ठिकाणी ‘हे उपकरण तुम्ही कशासाठी वापरता?’ एवढे विचारण्याची सवय ठेवलीत, तर ऑपरेटर आपणहून बोलू लागतो. हायड्रॉलिक टेस्ट बेंचवरील गेजची (दाबमापकाची) पट्टी 400 बारपर्यंत असली, तरी त्याचे रोजचे काम कदाचित 200 बारच्या आसपासच चालते, आणि तिथे दाब चढवताना व उतरवताना वाचनात किती फरक पडतो, हे ऑपरेटरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असते.

मशीन शॉपमध्ये ‘तुम्ही पास केलेला मायक्रोमीटर आमच्याकडे चुकतो’ अशी तक्रार हमखास ऐकावी लागते. तेव्हा वाद न घालता जॉबला (मशीनवर घडवलेल्या भागाला) हात लावून पाहावा. लांबीच्या मोजमापाचे संदर्भ तापमान 20 अंश सेल्सिअस आहे आणि 100 मिलिमीटरचा पोलादी जॉब त्याहून 10 अंश गरम असेल, तर तो सुमारे 11.5 मायक्रॉनने (म्हणजे 0.0115 मिलिमीटरने) लांब भरतो. मशीनवरून नुकताच उतरवलेला जॉब तर याहूनही गरम असू शकतो. हे त्या कामगारासमोर, त्याच्याच जॉबवर दाखवता आले, की पुढच्या भेटीत तो स्वतः तुम्हाला शोधत येतो.

उत्तर – साखर कारखान्यातील एक इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, चिकोडी तालुका

आमच्याकडे ट्रान्समीटर (दाबासारखे मोजमाप विद्युत संकेताने पॅनेलकडे पाठवणारी उपकरणे) आणि गेज बहुतेक ऑफ-सीझनमध्ये तपासले जातात, कारण गाळप सुरू झाल्यावर कोणालाच सवड नसते. त्या काळात आलेल्या तंत्रज्ञाला आमचे जुने फिटर पूर्ण लूप, म्हणजे उपकरणापासून पॅनेलपर्यंतची सगळी जोडणी, उलगडून दाखवतात. 0 ते 10 बारच्या ट्रान्समीटरने 5 बारला, 4 ते 20 मिलिअँपिअरच्या संकेताच्या मध्यावर, 12 मिलिअँपिअर द्यायला हवेत, हे पुस्तकात असतेच. पण इम्पल्स लाइन (ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणारी बारीक नळी) तुंबली, की निर्दोष ट्रान्समीटरही चुकीचा दाब दाखवतो, हे त्यांच्याकडूनच कळते. कन्नडची फार धास्ती घेऊ नका. आधी आकडे पक्के करा, कारण पॅनेलजवळचा माणूस वाचन ओरडून सांगतो आणि तिथे पुन्हा विचारत बसणे बरे दिसत नाही.

उत्तर – गुणवत्ता विभाग, निपाणी

ओळखी वाढतील, पण एका कारखान्यातील वाचने दुसऱ्या कारखान्यात चहा घेताना बोलू नका. आयएसओ/आयईसी 17025 या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात गोपनीयतेची स्वतंत्र अट आहे. मुलाखतीत पगाराइतकेच हेही विचारा, की मापनातील अनिश्चिततेचे (वाचन खऱ्या मूल्यापासून किती इकडेतिकडे असू शकते याचे) गणित नव्या माणसाला करू देतात, की तयार एक्सेल फाइलमध्ये आकडे भरायला सांगतात. दुसरे उत्तर मिळाले, तर मी थोडे थांबून दुसरी प्रयोगशाळा पाहीन.