मागे राहिलेले सहकारी : तुमच्या आठवणी लिहा

१९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादच्या कनाल हॉटेलवर बॉम्बहल्ला झाला आणि संयुक्त राष्ट्रांचे दूत सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांच्यासह २२ जण गेले. त्या तारखेला आता जागतिक मानवतावादी दिन पाळतात. पण मदतकार्यात जीव गमावणारे बहुतेक जण त्याच देशातले असतात. बाहेरून गेलेले आपण मुदत संपली की घरी येतो, ते तिथेच राहतात. तुमच्या अशा सहकाऱ्याबद्दल लिहा. नाव मात्र नको, त्यांना त्रास व्हायला नको.

नर्स, मिरज : २०१७ च्या अखेरीस बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत घटसर्प पसरला. घशात राखाडी पडदा, सुजलेली मान, श्वासाला धडपडणारी मुलं. यावरचं अँटिटॉक्सिन घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची रिॲक्शन जिवावर बेतू शकते. म्हणून आधी किंचित टोचून बघायचं, मग सावकाश द्यायचं आणि ॲड्रेनालिन हाताशी ठेवून मुलाजवळून हलायचं नाही. चितगावची माझी सहकारी ही ड्यूटी मागून घ्यायची. तिची बोली रोहिंग्यांच्या भाषेला जवळची. काय देतोय, काय होऊ शकतं, हे ती प्रत्येक आईला सांगायची, कितीही गर्दी असो. आया मुलांना घेऊन निघून जात नव्हत्या त्या तिच्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

पाणीपुरवठा अभियंता, नाशिक : दक्षिण सुदान, बेंटिऊची छावणी. नळाला क्लोरीन ठीक आलं की कागदोपत्री काम झालं. आमचा तिथल्या नुएर जमातीतला सहकारी मात्र टेस्टर घेऊन घरोघरी जायचा आणि कॅनमधलं पाणी तपासायचा. नळाशी लिटरला ०.५ मिलिग्रॅम असलेलं क्लोरीन मळक्या कॅनमध्ये टिकतच नाही. मग त्यानं वस्तीवस्तीत कॅन धुण्याचे दिवस सुरू केले. पाण्यावर काम करणाऱ्यांत इतका चिकाटीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

समन्वयक, पुणे : नेपाळमधलं सिंधुपाल्चोक, २०१५. आमचे ड्रायव्हर दाइ (नेपाळीत दादा). भूकंपानं डोंगर खिळखिळे झालेले, पावसाळा तोंडावर. ते नको म्हणाले की गाडी वळायची. आम्ही सगळे धड परत आलो.

स्वयंसेवक, कोल्हापूर : नाशिकचे दादा, कॅन आतून कसे धुवायचे? २०१९ च्या पुरात आमचा हात आत जात नव्हता.

पाणीपुरवठा अभियंता, नाशिक : मूठभर खडे, थोडं क्लोरीनचं पाणी, झाकण घट्ट लावून जोरात खळखळवायचं, मग स्वच्छ पाण्यानं विसळायचं. तो हे पोरांकडून करून घ्यायचा, गाणी म्हणत.