मदत हवी आहे: डिग्रीला प्रवेश न घेता नर्सिंगचे ग्रॅज्युएट कोर्स (न्यू जर्सी)

मीनल_एडिसन
नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग, न्यू जर्सीचं आरएन (नोंदणीकृत नर्स) लायसन्स, व्हिसा एच-४ (एच-१बी वर असलेल्याच्या जोडीदाराचा) आणि ईएडी (कामाची परवानगी) आहे. पुढे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून औषधं लिहून देणारी नर्स) व्हायची डिग्री करायची आहे. त्याआधी नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून एक-दोन कोर्स करावेत असा विचार आहे. कुठले घ्यावेत? एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) लागेल का? कागदपत्रं काय काय? आणि हे क्रेडिट (कोर्सचे डिग्रीसाठी मोजले जाणारे एकक) नंतर धरतात का?

अबोली२२
एफ-१ च्या भानगडीत पडू नका. एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, आणि एखाद-दुसऱ्या कोर्ससाठी कॉलेज आय-२० (एफ-१ साठी लागणारा कॉलेजचा फॉर्म) देतही नाही.

कोर्स म्हणाल तर सगळे ज्यांना ‘थ्री पी’ म्हणतात ते तीन: अ‍ॅडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं), फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) आणि फिजिकल असेसमेंट (रुग्णाची तपासणी). बहुतेक ठिकाणी प्रत्येकी ३ क्रेडिट. सुरुवात पॅथोनेच करा, कारण फार्माला तो बऱ्याचदा आधी झालेला लागतो. शिवाय फार्मा जुना झाला की अनेक प्रोग्रॅम तो धरत नाहीत, पाच वर्षांची अट सर्रास दिसते. डिग्रीला कधी जाणार ते नक्की नसेल तर तो आत्ता उरकून ठेवू नका. असेसमेंटला लॅब आणि चेक-ऑफ (तपासणी करून दाखवायची परीक्षा) असतो, तिथे नॉन-डिग्रीवाल्यांना सहसा घेत नाहीत. क्लिनिकलचा (रुग्णांवरच्या प्रत्यक्ष कामाचा) तर प्रश्नच नाही.

आधी ठरवा ते एवढंच, की डिग्री कुठे करायची आहे. शक्यतो कोर्सही तिथेच घ्या. दुसऱ्या कॉलेजचे क्रेडिट घेताना साधारणपणे बी किंवा वरची ग्रेड, ६ ते १२ क्रेडिटची मर्यादा आणि सीसीएनई किंवा एसीईएन (नर्सिंगच्या प्रोग्रॅमना मान्यता देणाऱ्या संस्था) यांची मान्यता बघतात. सिलॅबस पाठवून ‘हा कोर्स अमक्या कोर्सच्या जागी धराल का’ असं ग्रॅज्युएट अ‍ॅडव्हायझरला ईमेलवर विचारा. फोनवरचं ‘हो, धरू’ पुढे कामाला येत नाही. आणि नॉन-डिग्रीला घेतलं म्हणजे प्रोग्रॅमला प्रवेश मिळाला असं नाही. तो अर्ज पुन्हा वेगळा, सगळ्यांबरोबर.

नलूताई_आरएन
कागदपत्रं: अर्ज आणि फी, बी.एस्सी.चे ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक), चालू आणि कुठलीही कारवाई नसलेलं आरएन लायसन्स, रेझ्युमे, काही ठिकाणी एखादं शिफारसपत्र. जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) ३.० मागतात. टक्क्यांवरून जीपीए स्वतः काढून लिहू नका.

लायसन्ससाठी नर्सिंग बोर्डाकडे गेलेला डिग्रीच्या मूल्यांकनाचा रिपोर्ट इथे चालेल असं धरून चालू नका. कॉलेजला परदेशी डिग्री तपासणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेचं कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन हवं असतं, त्यात विषयवार क्रेडिट आणि जीपीए येतो. कुठल्या संस्थेचं चालतं ते आधी विचारा, मगच पैसे भरा. टोफेल किंवा आयईएलटीएसमधून सूट आहे का तेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या, प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा.

सगळ्यात जास्त वेळ नावापायी जातो. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव: ‘पाटील मीनल रमेश’. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव. तिथल्या माणसाला ‘पाटील’ हे पहिलं नाव वाटतं आणि फाइल जुळत नाही म्हणून पडून राहते. अर्जात ‘पूर्वीचं नाव’ हा रकाना मार्कशीटवर आहे तसाच, त्याच क्रमाने भरा आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत जोडा. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट किंवा सीलबंद लिफाफ्यातच जावं लागतं. लिफाफा घरी आला आणि उघडला की तो बाद. नाशिकहून कागद निघायला वेळ लागतो, त्यामुळे सप्टेंबरचा कोर्स हवा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच मागे लागा.

मीनल_एडिसन
खूप आभार, ताई. एका ठिकाणी पॅथो आणि फार्मा मिळून एकच ४ क्रेडिटचा ऑनलाइन कोर्स आहे, स्वस्तही पडतो. घेऊ का?

अबोली२२
नको. नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमात हे तीन विषय तीन स्वतंत्र, सर्वंकष कोर्स म्हणून असावे लागतात, एकत्र केलेला त्यात बसत नाही. पैसे वाचतील आणि दोन्ही विषय पुन्हा करावे लागतील. कोर्सचा क्रमांकही बघा, ग्रॅज्युएट स्तराचा हवा. आरएन-टू-बीएसएनच्या (आरएन होऊन मग नर्सिंगची बॅचलर डिग्री करणाऱ्या) मुलींसाठीही पॅथो असतो, नाव जवळजवळ तेच, पण तो अंडरग्रॅज्युएट.

किरण_एसजे
फीबद्दल. नॉन-डिग्रीला फेडरल (अमेरिकी सरकारचं) कर्ज साधारणपणे मिळत नाही, खर्च खिशातूनच. पण दोन गोष्टी विचारात घ्या. हॉस्पिटलमध्ये नोकरी असेल तर एचआरला ट्यूशनच्या मदतीबद्दल विचारा. कंपनीच्या योजनेतून वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते. फक्त नॉन-डिग्री कोर्स त्या योजनेत धरतात का, हे नाव नोंदवण्याआधी लेखी घ्या. दुसरं म्हणजे लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, म्हणजे फीवर मिळणारी करसवलत. नोकरीतलं कौशल्य वाढवणारा कोर्स असेल तर त्याला डिग्रीला असण्याची अट नाही. फीच्या २० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर. उत्पन्नाची मर्यादा आहे आणि कराच्या दृष्टीने रेसिडेंट असावं लागतं. कंपनीने करमुक्त दिलेल्या रकमेवर पुन्हा हे क्रेडिट घेता येत नाही.

नलूताई_आरएन
एक राहिलं. डिग्रीच्या विद्यार्थ्यांची नोंदणी झाल्यावर उरलेल्या जागा नॉन-डिग्रीवाल्यांना मिळतात, म्हणून दोन कोर्सना परवानगी मागून ठेवा. पहिल्या सत्रात एकच घ्या. ही ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते आणि प्रवेशाच्या वेळी दिसते. पहिला पेपर वाईट गेला तर विथड्रॉची (कोर्स मधेच सोडण्याची, ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’) शेवटची तारीख बघून निर्णय घ्या. ‘सी’ पेक्षा ‘डब्ल्यू’ बरा, मात्र फी परत मिळण्याची तारीख त्याच्या कितीतरी आधी उलटून जाते.