मदत हवी आहे: अण्णांच्या रिपोर्टमधलं ‘बीसीएल-2’ आणि तीस-पस्तीस वर्षांची फवारणी

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझं माहेर तासगाव तालुक्यात. अण्णा (वडील) 67 वर्षांचे, दोन एकर द्राक्षबाग. दिवाळीनंतर मानेला गाठ आली. दुखत नव्हती म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दाढी करताना हाताला लागते, एवढंच म्हणायचे. शेवटी मिरजेला नेलं, गाठ काढून तपासायला दिली. निदान फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा एक कॅन्सर. खाली लिहिलंय, ‘सीडी20, सीडी10, बीसीएल-2 पॉझिटिव्ह’. डॉक्टर म्हणाले, हा सावकाश चालणारा प्रकार आहे, पेट स्कॅन (आजार अंगात कुठवर आहे ते दाखवणारा) होऊ दे, मग उपचार कधी सुरू करायचे ते बघू. माणूस चांगला आहे. पण बाहेर पन्नास जण ताटकळत असताना माझे प्रश्न घशातच राहिले. एकच विचारला, “अण्णांनी आयुष्यभर औषधं मारली, त्यानं झालं असेल का?” ते म्हणाले, “कसली औषधं घेत होते?” आमच्याकडं फवारणीलाही औषधच म्हणतात हे सांगेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

तर ते इथं सांगते. तास-ए-गणेश या जातीच्या द्राक्षांची बाग. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की दावण्या रोगाच्या भीतीनं दिवसाआड फवारणी. पूर्वी पाठीवरचा पंप, मग एसटीपी (इंजिनावरचा पंप), आता दादाकडं ट्रॅक्टरचा ब्लोअर. वेलीचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावायचं ते हातानंच. टाकीत दोन-तीन औषधं एकदमच, ढवळायला काठी, काठी सापडली नाही तर हात. अण्णा मधेच थांबून त्याच हातावर तंबाखू मळायचे. त्यांचे फवारणीचे कपडे आई आमच्या शाळेच्या कपड्यांबरोबर धुवायची.

घरात आता रोज वाद. आई म्हणते तंबाखूनं झालं. दादाला वाटतं मी त्याच्या बागेवर आळ घेतेय, परवा म्हणाला, “मग बाग काढून टाकू का?” ताट तसंच ठेवून उठला. अण्णा गप्प.

बीसीएल-2 म्हणजे काय? फवारणीचा याच्याशी संबंध असतो का? आणि दादा रोज औषध मारतोय, त्याच्यासाठी आत्ता काय करू?

बेदाणा_शेड

ताई, अण्णांना आराम पडू दे. आमचंही घर बागायतदाराचंच. सगळं डोळ्यापुढं उभं राहिलं. एक विचारतो, जुन्या काळी तुमच्यात बीएचसी पावडर होती का? आमच्यात उसाच्या हुमणीला, वाळवीला पोतीच्या पोती यायची. आजोबा पाटीत घेऊन हातानं फेकायचे, बी पेरल्यासारखी.

दुसरं म्हणजे, माल युरोपला जाणार असला की नमुना लॅबला जातो, मण्यात कुठल्या औषधाचा किती अंश उरलाय ते मोजतात. 2010 ला क्लोरमेक्वाटचा (वेलीची वाढ रोखणारं रसायन) अंश सापडला म्हणून इकडची द्राक्षं तिकडं अडकली, तेव्हा केवढा गोंधळ झाला होता. खाणाऱ्याच्या पोटात काय जातं त्याचा एवढा हिशोब. मारणाऱ्याच्या अंगावर किती पडलं ते आजवर कुणी मोजायला आलं नाही.

सकारात्मक_जीवन

ताई, रोज सकाळी गोमूत्र आणि हळद सुरू करा. सांगलीत राहून हळद सोडून केमो कशाला? माझ्या परिचितांना पूर्ण गुण आला.

वॉर्ड_नंबर_चार

वरचा सल्ला कृपया बाजूला ठेवा. मी 22 वर्षं नर्स आहे. असल्या सल्ल्यापायी उशिरा आलेली माणसं पाहिली आहेत, त्यांची नावं आजही आठवतात. हळद भाजीत घाला.

पेशीपाल्हाळ

नावाप्रमाणे पाल्हाळ लावतोय. पेशीशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. उपचारांबद्दल बोलणार नाही.

आपल्या बी पेशींना (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) हजार तऱ्हेच्या जंतूंविरुद्ध अँटिबॉडी बनवायच्या असतात. त्यासाठी हाडांच्या मगजात घडताना त्या स्वतःच्याच जनुकाचे तुकडे तोडून नव्यानं जोडतात. स्वतःचा डीएनए असा मुद्दाम तोडणाऱ्या पेशी शरीरात फार थोड्या. त्यात कधीतरी सांधा चुकतो आणि 18 क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा 14 क्रमांकाच्या गुणसूत्राला जाऊन चिकटतो. 18 वर बीसीएल-2 हे जनुक असतं. त्याचं काम पेशीला ‘मरू नको’ सांगायचं. 14 वर अँटिबॉडीच्या जनुकाचं बटण, जे बी पेशीत कायम चालू. चालू बटणाखाली ‘मरू नको’ येऊन बसलं की झालं. जी पेशी वेळ भरल्यावर मुकाट मरायला हवी, ती मरतच नाही. निरोगी लसीकाग्रंथीच्या आत जिथं बी पेशी वाढतात, तिथं एरवी बीसीएल-2 दिसत नाही. म्हणून ते दिसलं की निदानाला आधार मिळतो. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या बहुतेक रुग्णांत ही अदलाबदल सापडते.

आता फवारणी. अशा चुकीच्या सांध्याच्या पेशी धडधाकट माणसांच्या रक्तातही थोड्या सापडतात, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात काहीच होत नाही. फ्रान्समधल्या शेतकऱ्यांचं रक्त तपासलं तेव्हा कीटकनाशकांशी संबंध आलेल्यांत त्यांचं प्रमाण जास्त दिसलं. ते काम 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे रसायनं त्या पेशींना वाढायला मदत करत असावीत. पण नुसत्या त्या सांध्यानं कॅन्सर होत नाही. वर्षानुवर्षं आणखी बिघाड साठत जावे लागतात.

बेदाणा_शेड यांनी बीएचसी विचारलं ते फार मोलाचं. त्या पावडरीचा एक घटक म्हणजे लिंडेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये लिंडेनला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतं हे नक्की, आणि तो कॅन्सर कुठला, तर नॉन-हॉजकिन लिम्फोमा. अण्णांचा प्रकार त्याच घराण्यातला. आपल्याकडं बीएचसी 1997 मध्ये बंद झालं. फ्रान्सनं तर 2015 पासून कीटकनाशकांमुळे होणारा लिम्फोमा शेतकऱ्यांचा व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केलाय.

तरी अण्णांना त्यानंच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. हाच आजार ज्यांनी मळा पाहिलेला नाही अशांनाही होतो, आणि रिपोर्टवर औषधाचा शिक्का उमटत नाही. आईंना सांगा, तंबाखू तोंडाच्या कॅन्सरची जुनी गुन्हेगार आहे, या आजारात तिच्यावर तसा पुरावा नाही. (म्हणून चालू ठेवायची असं नव्हे!) फवारणीच्या हातावर मळलेली तंबाखू मात्र औषध थेट तोंडात नेते.

द्राक्षवेल

पेशीपाल्हाळ, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. आईला विचारलं. बीएचसी होती. धान्याच्या कणगीभोवतीसुद्धा टाकायची म्हणाली.

दादाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, “ते जुनं झालं, आता सगळी हिरव्या त्रिकोणाची औषधं आहेत.” हे खरं का?

पेशीपाल्हाळ

डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग सांगतो एकदम पोटात किंवा कातडीतून गेलं तर किती घातक. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. 2017 मध्ये यवतमाळला फवारताना माणसं दगावली, त्या तऱ्हेच्या विषबाधेचा हा हिशोब. वीस वर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर पेशींचं काय होतं, याबद्दल त्रिकोण अवाक्षर काढत नाही. हिरवा आहे म्हणून हातानं ढवळायला हरकत नाही, हा अर्थ दुकानात लावला जातो.

टाकीतल्या मिश्रणाचं आणखी अवघड. तपासणी बहुधा एकेका रसायनाची होते. 2015 मध्ये 28 देशांतल्या 174 शास्त्रज्ञांनी नेहमीच्या वापरातली 85 रसायनं पाहिली. एकटी घेतली तर ज्यांना कॅन्सरकारक म्हणत नाहीत अशी. त्यातल्या 50 रसायनांचा, रोजच्या जगण्यात अंगात जाते तेवढ्याच कमी मात्रेत, कॅन्सरकडं नेणाऱ्या कुठल्या ना कुठल्या प्रक्रियेवर परिणाम दिसला. एक पेशीला मरू देत नाही, दुसरं डीएनएची दुरुस्ती अडवतं, तिसरं गाठीकडं रक्तवाहिन्या ओढतं. अशी तीन एकाच अंगात आली तर? त्यांनी हा प्रश्न मांडला, सिद्ध केला नाही. पण दावण्या, भुरी आणि किडीचं एकाच बॅरलमध्ये ओतणाऱ्यानं तो ऐकायला हवा.

बेदाणा_शेड

दादांना म्हणावं बाग काढू नका. निम्म्या फवारण्या तर शेजाऱ्यानं मारलं म्हणून होतात, माझ्याही होत होत्या. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी बघून, पानं उलटी करून बघून मारायला लागलो, दोन हंगामांत फवारण्या कमी झाल्या. ढगाळ आलं की अजून हात शिवशिवतो ते वेगळं.

वॉर्ड_नंबर_चार

दादांसाठी. औषध अंगात जातं ते मुख्यतः कातडीतून. तोंडाला बांधलेला रुमाल तर भिजून तेच औषध चेहऱ्यावर धरून ठेवतो. सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे बाटलीतून टाकीत ओतण्याची, तेव्हा ते पाणी न मिसळलेलं असतं. नायट्राइलचे हातमोजे घ्या, कापडी नकोत. कपडे वेगळ्या बादलीत, वेगळे. घरात पाऊल टाकण्याआधी अंघोळ. सायनामाइड लावलेल्या दिवशी आणि पुढं काही दिवस दारूला शिवायचं नाही, चेहरा लालबुंद होतो, धाप लागते, छाती धडधडते.

रक्तातली कोलिनएस्टरेज तपासणी कुणी सुचवेल. ती काही कीटकनाशकांचा अलीकडचा परिणाम सांगते, कॅन्सरबद्दल काहीच नाही. उगीच धीर किंवा धास्ती घेऊ नका.

अण्णांसाठी: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पुढच्या खेपेला एका कागदावर औषधांची नावं आणि अंदाजे वर्षं लिहून न्या, डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडी सांगायला वेळ मिळत नाही. आणि ‘थांबून बघू’ म्हणाले तर ते दुर्लक्ष समजू नका, या आजारात तीही एक रीत आहे.

द्राक्षवेल

पेट झाला. मानेत आणि काखेत आहे, हाडांच्या मगजाचं अजून कळायचंय. तूर्त दर तीन महिन्यांनी तपासणी.

कागद करायला बसले तेव्हा नावं मला येईनात, आईला येईनात. अण्णाच बोलायला लागले. डब्याचा रंग, वास, कुठल्या साली कुठल्या रोगाला, सगळं तोंडपाठ. दादा शेजारी येऊन बसला आणि लिहून घ्यायला लागला. दोन पानं भरली. डॉक्टरांनी ती फाइलला लावून घेतली.

हातमोजे सांगलीत मार्केट यार्डाच्या आसपास कुठं मिळतील? दादाच विचारतोय. त्याचा हात मोठा आहे.