ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी कशी करावी?

कंपूकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी ४६ वर्षांचा असून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपूजवळ राहतो. नोकरी दिवसभर बसून करण्याची आहे. गेल्या हिवाळ्यात २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन फारशी दमछाक न होता पूर्ण झाली, तेव्हा येत्या जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावायचे ठरवले. मार्चपर्यंत सराव सुरळीत चालला होता. एप्रिल सरत आला तसे मात्र चित्र पालटले. ज्या वेगाने पूर्वी गप्पा मारत धावता येत असे, त्याच वेगात आता दोन वाक्येही सलग बोलता येत नाहीत, घड्याळावर हृदयाचे ठोके मिनिटाला पंधराने अधिक दिसतात आणि घरी परतल्यावर दुपारपर्यंत डोके जड राहते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, तर अजून यायचा आहे.

दुसरी अडचण घरातली आहे. आमच्याकडे रात्रीचे जेवण साडेदहाच्या आधी होत नाही. त्यानंतर गारव्याच्या निमित्ताने बाड्यापर्यंत (बाजाराच्या चौकापर्यंत) फेरी आणि कुल्फी ठरलेली, म्हणजे झोपायला साडेबारा होतात. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि वजन व रक्तातील साखर यांकडेही लक्ष द्या, असे डॉक्टरांनी बजावले आहे, त्यामुळे केवळ धावणे नव्हे, तर एकूण दिनक्रमच सुधारावा अशी इच्छा आहे. सराव आहे तसाच रेटावा की कमी करावा? सकाळ बरी की संध्याकाळ? पाण्यात मीठ घालून प्या असे अनेक जण सांगतात, ते माझ्यासारख्याने करावे का? आणि खाण्या-झोपण्याच्या सवयी धावण्याबरोबरच बदलाव्यात, की एका वेळी एकच गोष्ट हाती घ्यावी?

मेळा मैदान

कंपूकर साहेब, आधी दिनदर्शिका समोर घ्या. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि पूर्ण मॅरेथॉनचे बहुतेक आराखडे १६ ते १८ आठवड्यांचे असतात, म्हणजे आपला खरा सराव सप्टेंबरच्या मध्यास सुरू होईल. मे आणि जून हे महिने पाया भरण्याचे आहेत. या दिवसांत २५ किलोमीटरची लांब धाव काढून काहीही साधत नाही. शरीर इतके शिणते की पुढचे तीन-चार दिवस वाया जातात.

माझे मत असे की, आजपासून किलोमीटर मोजणे बंद करावे आणि मिनिटे मोजावीत. आठवड्यातून चार दिवस, त्यांपैकी तीन दिवस ४० ते ५० मिनिटे आणि एक दिवस फार तर ७५ मिनिटे, इतके पुरेसे आहे. हिवाळ्यात सहज धावताना ठोके जितके असत तितकेच आताही राहू द्यावेत आणि वेग जो येईल तो येऊ द्यावा. प्रत्येक किलोमीटरला हिवाळ्यापेक्षा मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागेल, मधूनमधून चालावेही लागेल. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस घरातच पंख्याखाली बैठका, पोटऱ्यांचे आणि पोटाचे व्यायाम करावेत. पुढे तिसाव्या किलोमीटरनंतर कंबर आणि मांड्या दगा देतात, त्याची तरतूद आत्ताच करता येते.

वेळेविषयी मला शंका नाही: पहाट. चोवीस तासांतले सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असते आणि मेअखेरीस आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, त्यामुळे पाचला निघून सहा-सव्वासहापर्यंत घरी परतावे. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर, भिंती आणि आपल्याकडचा तो वालुकाश्म दिवसभर साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत राहतात. रस्ता निवडताना सरळ दूर जाऊन परत येण्याऐवजी छोट्या फेऱ्यांचा मार्ग घ्यावा, म्हणजे पाण्याची बाटली एका जागी ठेवता येते आणि बरे वाटेनासे झाले तर घर जवळ असते. (पहाटे पाचला गल्ल्यांमधून कुत्र्यांचे राज्य असते, हे गृहीत धरूनच मार्ग ठरवावा. मी मैदान पत्करले ते मुख्यतः त्यामुळेच.)

पाटणकर बाजार

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून ठोके, पाणी आणि मीठ यांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीला लागतो आणि उरलेल्याची उष्णता होते. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, थंड असेल तर ही उष्णता आपोआप बाहेर जाते; हवा त्याहून तापली की उलट हवाच शरीराला उष्णता देऊ लागते आणि घाम वाळणे एवढा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. त्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते, स्नायूंनाही रक्त हवेच असते, आणि दोन्ही मागण्या पुरवताना हृदय जलद चालते. आपले वाढलेले ठोके याच कारणाने असण्याचा संभव अधिक आहे. हिवाळ्यातली कमाई गेली असे समजू नये. दररोज थोडा वेळ उष्णतेत हालचाल केली की पहिल्या आठवड्यातच रक्तातील द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मीठ कमी होते, आणि दहा ते चौदा दिवसांत शरीर बरेचसे सरावते.

आपल्याकडच्या मे महिन्याची खोच अशी की हवा कोरडी असल्याने घाम सुटताच वाळतो, सदरा ओला दिसत नाही, आणि किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. त्यासाठी धावण्यापूर्वी व नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घट म्हणजे जवळपास एक लिटर पाणी. घट शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. वजन वाढलेले दिसले तर पाणी गरजेपेक्षा अधिक प्यायले गेले, आणि तेही धोक्याचे आहे: २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या तपासणीत १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी झालेले आढळले, आणि धावताना वजन वाढणे हे त्याच्याशी सर्वांत ठळकपणे जोडलेले लक्षण होते.

आता मीठ. तासाभराच्या आतल्या धावेसाठी साधे पाणी पुरते. गेलेले मीठ रोजच्या जेवणातून भरून निघते. रक्तदाबाच्या रुग्णाने स्वतःच्या मनाने पाण्यात मीठ घालू नये. लांब धावेच्या दिवशी गरज भासलीच, तर डॉक्टरांना विचारून ओआरएस घ्यावे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे २०.५ ग्रॅमची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच मिसळावी. पेल्यात अंदाजाने अर्धी पुडी ओतण्याची पद्धत चुकीची आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपली गोळी कोणती आहे. काही गोळ्या लघवी वाढवून पाणी आणि सोडियम दोन्ही कमी करतात. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या ठोके दाबून ठेवतात, त्यामुळे घड्याळातला आकडा पाहून श्रमाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. तेथे वाक्य सलग बोलता येते का, हीच कसोटी धरावी. नवतप्याआधी डॉक्टरांची भेट घ्यावी, दुपारपर्यंत डोके जड राहते हेही त्यांना सांगावे, आणि गोळी आपणहून बंद करू नये.

धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असेल तर ऊन लागलेले नसते, असा एक समज आहे; तो खोटा आहे, कारण श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालू राहू शकतो. अशा माणसाला मिळेल त्या थंड पाण्याने, बर्फाने तिथल्या तिथे गार करणे आधी, आणि रुग्णालयात नेणे त्यानंतर.

दौलतगंजच्या ताई

कंपूकर दादा, वरच्या दोघांनी धावण्याचे सांगितले, मी घरातले सांगते. पाचला रस्त्यावर असायचे तर साडेचारला उठणे आले, आणि साडेबाराला झोपणाऱ्या माणसाने साडेचारचा गजर लावणे म्हणजे झोप कमी करून आजार ओढवून घेणे आहे. म्हणून गजराला अजिबात हात लावू नका. आधी जेवणाची वेळ सरकवा. साडेदहावरून एकदम आठ केलीत तर घरात कोणीच साथ देणार नाही. दर चार-पाच दिवसांनी पाव तास अलीकडे आणलीत, तर जूनच्या अखेरीस आपण आठ-साडेआठपर्यंत पोहोचाल. बाड्याची फेरी बंद करू नका, ती जेवणाच्या आधी घ्या. कुल्फी रोजची न राहता शनिवारची झाली तरी पुष्कळ.

दोन्ही गोष्टी बरोबर कराव्यात का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, जेवण, झोप आणि पहाटेची धाव ही तुमच्या बाबतीत एकच सवय आहे. जेवण अलीकडे आले नाही तर झोप येणार नाही आणि झोप झाली नाही तर धाव होणार नाही. बाकीचे, म्हणजे चहातली साखर, कचेरीतली कचोरी, हे सारे सध्या राहू द्या. एकवीस दिवसांत सवय लागते हे वाक्य सर्वत्र ऐकू येते, त्यावर विसंबू नका. लंडनमधील एका विद्यापीठाच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत अंतर होते. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडले नाही, हेही दिसून आले. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तुमच्या हाती ६६ हून बरेच अधिक दिवस आहेत.

पेयांबद्दल एक सूचना. पन्हे, बेलाचे सरबत, खस ही आपली उन्हाळ्याची पेये खरी, परंतु साखरेकडे लक्ष देणाऱ्या माणसाने ती आरोग्याची म्हणून पेल्यामागून पेले घेऊ नयेत. गोड ते गोडच. पातळ ताक आणि जिरेपूड घातलेले सत्तूचे पाणी अधिक चांगले, त्यातही मीठ बेताने. निघताना एखादे केळे, परतल्यावर तासाभरात दहीपोहे, मुगाचे धिरडे किंवा अंडी. आमरस जेवणात घ्यायचा तर वाटीवर थांबा आणि त्या दिवशी एक पोळी कमी करा. खिशात कांदा ठेवल्याने लू (उन्हाळ्यातला तापलेला वारा) लागत नाही असे आमच्या सासूबाई सांगतात. कांदा अवश्य ठेवावा, पण त्याच्या भरवशावर अकरा वाजता बाहेर पडू नये.

उरवाई दरवाजा

सर्वांची माफी मागून थोडे वेगळे लिहितो. इतके जपून वागल्याने शरीर कणखर होत नाही. आमची मंडळी मे महिन्यातही संध्याकाळी साडेपाचला उरवाईच्या चढाने किल्ल्यावर जातात. मुंबईत जानेवारीतसुद्धा दहानंतर ऊन चांगलेच जाणवते; मग येथील उन्हात तापलेल्या माणसाला तेथे फायदाच होणार नाही का?

मेळा मैदान

उरवाईकर, चढाबद्दल आपण योग्य बोललात, उन्हाबद्दल नाही. उष्णतेचा सराव टिकत नाही. तो सोडला की काही आठवड्यांत ओसरतो. मेमध्ये कमावलेले जानेवारीपर्यंत राहणार नाही, कारण मध्ये आपला डिसेंबर येतो. धुक्यात, सहा-सात अंशांत सराव करून आपण मुंबईला जातो, तेथे पहाटेही दमट हवा असते आणि मंद धावपटू शेवटचे दहा किलोमीटर धावत असतो तेव्हा पारा तिशीकडे सरकलेला असतो. ग्वाल्हेरच्या धावपटूला मुंबईत त्रास होतो तो या फरकाचा. त्यावर उपाय करायचा तर शर्यतीपूर्वीच्या दोन आठवड्यांत करावा: काही धावा दुपारी, पूर्ण बाह्यांचे दोन कपडे घालून, डॉक्टरांची हरकत नसेल तर. आणि शर्यतीत पहिले दहा किलोमीटर मनात ठरवलेल्या वेगापेक्षा सावकाश काढावेत.

कणखरपणाचे म्हणाल तर २०१९ च्या दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उष्णतेमुळे मध्यरात्री सुरू केली होती, तरीही ६८ पैकी २८ जणींना ती अर्ध्यावर सोडावी लागली. त्या जगातल्या निवडक धावपटू होत्या. किल्ल्याचा चढ मात्र ऑक्टोबरच्या पहाटे अवश्य घ्यावा. मुंबईत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ पाय थकलेले असताना समोर येतो, तेव्हा तो कामी येईल.

कंपूकर

सर्वांचे आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि आज जेवणाची पाने सव्वादहाला मांडण्याचे ठरले आहे; सौभाग्यवतींना ताईंचा मजकूर वाचून दाखवला. एक शेवटची शंका: पाऊस सुरू झाल्यावर, म्हणजे जुलैपासून, वेग पूर्ववत होईल असे समजावे का?

पाटणकर बाजार

नाही. जुलैत तापमापक खाली येईल, परंतु हवेत ओलावा इतका असेल की घाम वाळण्याऐवजी नुसता गळेल, आणि गळालेला घाम शरीराला गार करत नाही. मेमधल्या कोरड्या पहाटेपेक्षा जुलैची दमट पहाट पुष्कळांना अधिक जड जाते. त्या दिवसांत कूलरही उपयोगाचा राहत नाही, त्यामुळे झोपेची सोय आधीच पाहून ठेवावी. मिनिटे आणि ठोके यांचाच हिशेब सप्टेंबरपर्यंत चालू ठेवावा, ओले मोजे परतल्याबरोबर बदलावेत, आणि वेगाची चौकशी ऑक्टोबरमध्ये करावी.