धर्म आणि औद्योगिक हेरगिरी: नुसतं ऐकून डोक्यात राहतं का?

रानवारा: सहा महिने झाले, चाकणच्या कंपनी बसमध्ये कानात पुस्तकं सुरू असतात. सकाळी जगातल्या धर्मांवरचं, परतताना औद्योगिक हेरगिरीवरचं. हे दोन विषय एकमेकांना भिडतील असं वाटलं नव्हतं. इ. स. ५५२च्या सुमारास रेशीमकिड्यांची अंडी लपवून बायझंटाइन सम्राट जस्टिनियनपर्यंत पोचवली ती भिक्षूंनी! आणि १७१२मध्ये चीनमधल्या जिंगडेझेनहून चिनी मातीच्या भांड्यांची कृती युरोपला कळवली ती दांत्रकोल या जेझुइट पाद्र्याने. माहिती देणाऱ्यांत ख्रिस्ती झालेले कारागीरही होते. विश्वासाने सांगितलेलं असं बाहेर गेलं, हे ऐकून त्या दिवशी कामात लक्ष लागेना. माझं मत ठाम आहे: ऐकणं हेही वाचणंच.

तिठा: असहमत. दांत्रकोलचंच घ्या. केओलिन ही पांढरी माती आणि पेतुन्त्से हा कुटलेला दगड, एक भांड्याची हाडं, दुसरं मांस. हे मला पान तीनदा उलटून वाचल्यावर उमगलं. बसमध्ये शेजारी कुणी बोललं की वाक्य गेलं. बौद्ध पंथांवरचं मीही आधी ऐकलंच होतं. स्थविरवाद, महासांघिक, सर्वास्तिवाद, सगळी नावं कानावरून गेली. वहीत मांडली तेव्हा कुठला फाटा कुठे फुटला ते दिसलं.

ओसरी: धर्माच्या बाबतीत हे पटत नाही. वेदांना आपण श्रुतीच म्हणतो. बौद्धांच्या पाली सुत्तांची सुरुवातच ‘एवं मे सुतं’, म्हणजे ‘असं मी ऐकलं’. कुराण या शब्दाचा अर्थ पठण. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. प्रवचनं ऐकून ती तांदूळ निवडता निवडता ज्ञानेश्वरीतल्या ओव्या अर्थासकट सांगायची. तिचं ज्ञान कमी कसं म्हणू?

तिठा: कमी मुळीच नाही. पण आजी एकेक ओवी आयुष्यभर किती वेळा ऐकत असतील! वेदपाठी घनपाठात तेच शब्द पुढे-मागे फिरवून घोटतात. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे मागतात ते अवधान. दीडपट वेगाने, एक डोळा स्टॉपवर ठेवून ऐकणं म्हणजे श्रवण नव्हे.

रानवारा: वेगाचं मान्य, कमी करतो. पण कागद हवाच असं नाही. सॅम्युएल स्लेटरने १७८९मध्ये इंग्लंड सोडलं. सूतगिरणीच्या यंत्रांचे आराखडे बाहेर न्यायला बंदी होती, म्हणून त्याने ते डोक्यातून अमेरिकेत नेले.

तिठा: ऐकून नव्हे! त्याआधी काही वर्षं गिरणीत उमेदवारी केली होती त्याने.

रानवारा: हा मुद्दा लागला. मी टूलरूममधला माणूस, डाय ऐकून बसवता येत नाही हे मला माहीत आहे. पण रात्री अकराच्या आधी पुस्तक हातात घ्यायला मिळत नाही. मग ऐकायचंही सोडू?

ओसरी: सोडू नका. १८४८मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून ईस्ट इंडिया कंपनीसाठी चिनी वेशात चहाची रोपं आणायला गेला, ते मी परवा ऐकलं आणि पोळ्या लाटताना सासूबाईंना सांगितलं. हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाचा, हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग रंग वेगळा कसा?” मला सांगता येईना. हात धुऊन तो भाग पुन्हा लावला, दोघींनी मिळून ऐकला.

तिठा: हे मात्र मी श्रवण मानतो. रंगाचं काय निघालं?

ओसरी: काळ्या चहाची पानं चुरगळून हवेवर ठेवतात, तेव्हा ती काळपट होतात. हिरव्याची लगेच तापवतात. सासूबाईंना आता जिंगडेझेनचं ऐकायचंय.